काचेमागची टोपली आणि वाडीचा पुरावा



गेल्या अंकातील जमाखर्चात ‘पुणे संग्रहालय भेट, ११ जण’ अशी एक ओळ होती. रक्कम मोठी नव्हती, तरी तिच्याबद्दल काही हितचिंतकांनी विचारणा केली. एका वडीलधाऱ्या बांधवांनी स्पष्टच लिहिले, की ज्या वाडीत पावसाळ्यात छपरावर टाकायला प्लास्टिक नसते, तिथल्या लोकांना संग्रहालय दाखवून काय साधले? एका भगिनीला वेगळी शंका आली. देवदेवतांच्या मूर्ती आणि मुखवटे मांडलेल्या ठिकाणी लोकांना नेणे मिशनच्या कामात बसते का, असे त्यांनी विचारले. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दान देणाऱ्याला असे विचारण्याचा हक्क आहे आणि उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. म्हणून या वेळी नेहमीच्या वृत्तांताऐवजी त्या भेटीविषयी आणि तिच्यातून सुरू झालेल्या कामाविषयी सविस्तर लिहिते.

दरीत कशाची नोंद आहे, कशाची नाही

मध्य रेल्वेवर नेरळ आणि कर्जत यांच्यामध्ये भिवपुरी रोड स्टेशन लागते. मूळ भिवपुरी मात्र तिथून दूर, पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. घाटमाथ्यावर मावळात ठोकरवाडीचे धरण आहे. तिथले पाणी मोठाल्या नळांतून खाली येते आणि पायथ्याच्या वीजघरात त्यापासून वीज तयार होते. टाटांचे हे वीजघर १९२२ साली सुरू झाले. पलीकडे बोरघाटातून पुण्याकडे जाणारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली. म्हणजे आमच्या या कोपऱ्यातल्या रुळांचे वय सांगता येते, नळांचे आणि वीजघराचेही सांगता येते.

पण त्याच डोंगरउतारावरची कातकरी वाडी किती जुनी, असे विचारले तर कागदावर उत्तर मिळत नाही. सातबाऱ्यावर वाडीचे नाव नाही. घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर किंवा वनखात्याच्या हद्दीत. म्हातारी माणसे सांगतात, ‘आमचा आजा हितंच मेला.’ कचेरीत विचारतात, ‘कागद कुठे आहे?’ आमच्या कामातल्या बहुतेक अडचणी या दोन वाक्यांमधल्या अंतरात आहेत.

कातकरी हे नाव काथावरून आले. खैराच्या लाकडाचे तुकडे उकळून काथ काढणे हा या जमातीचा जुना धंदा होता. त्यासाठी रानात फिरावे लागे. जिथे खैर, तिथे झोपडी. एकोणिसाव्या शतकात जंगलाचे कायदे कडक झाले, खैर तोडण्यावर बंधने आली. १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. कुलाबा म्हणजे आपला आजचा रायगड. जंगलावर जगणाऱ्या माणसांचा असा एकेक आधार सुटत गेला आणि ती दुसऱ्याच्या शेतावर, कोळसाभट्टीवर, पुढे वीटभट्टीवर मजुरीला गेली. आजही दिवाळी झाली की शेठ किंवा मुकादम उचल देतो, ट्रक येतो आणि कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात. परत येतात ती पावसाच्या तोंडावर. जो सहा महिने गावात नसतो, त्याचे नाव यादीतून गळते. शाळेच्या पटावरून गळते, रेशनच्या यादीतूनही गळते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक भरली. राज्यातल्या तीन जमातींना सरकारने विशेष दुर्बल मानले आहे : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. यांतले कातकरी आपल्या अगदी शेजारी, मुंबईपासून दोन तासांच्या अंतरावर राहतात.

पुण्याचे संग्रहालय

पुण्यात क्वीन्स गार्डन भागात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. ही सरकारी संस्था १९६२ साली स्थापन झाली. आदिवासी जमातींचा अभ्यास करणे, अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणे आणि सरकारला सल्ला देणे हे तिचे काम. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे पुढे या संस्थेचे संचालक झाले. ते स्वतः महादेव कोळी होते आणि महाराष्ट्रातल्या आदिवासींवर त्यांनी मराठीत विपुल लिहिले. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यातलाच एक जण अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसला, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते.

या संस्थेच्या आवारात आदिवासींच्या जीवनाचे एक संग्रहालय आहे. मुंबईच्या मोठ्या संग्रहालयांसारखा पसारा तिथे नाही. तासा-दोन तासांत शांतपणे पाहून होते. घरातली भांडी, शेतीची अवजारे, शिकारीची आणि मासेमारीची साधने, दागिने, वाद्ये, देवांच्या मूर्ती, जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे मुखवटे, वारली चित्रे असा संग्रह आहे.

आम्ही कर्जतहून गाडी धरली. आमच्यात दोन आजोबा होते, एक आजी, बचत गटातल्या चार महिला, अंगणवाडीच्या ताई, दहावी झालेले दोन मुलगे आणि मी. आजोबांपैकी एक जण तरुणपणी घाटात रेल्वेच्या कामावर खडी वाहायला होते, पण त्या गाडीत बसून घाट चढण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लागली तेव्हा ते मुलांना म्हणाले, “बघा, ह्यालाबी चढावाला मागून ढकलाया लागतंय.”

संग्रहालयात पहिली दहा-पंधरा मिनिटे कोणी बोललेच नाही. एवढ्या स्वच्छ फरशीवर चप्पल घालून चालावे की नाही, हाच विचार सर्वांच्या मनात होता. मग मासेमारीच्या बांबूच्या साधनांपाशी आजी थांबल्या. काचेला बोट न लावता त्या मुलांना सांगू लागल्या : बांबू कोणत्या महिन्यात तोडायचा, काड्या किती बारीक काढायच्या, तोंड आतल्या बाजूला निमुळते का ठेवायचे, पहिल्या पावसाला मासे चढणीला लागतात तेव्हा ओहोळात ते कुठे अडकवायचे. दोन्ही मुलगे ऐकत राहिले. त्यांच्या घरात असे साधन आता नाही. नायलॉनचे जाळे बाजारात मिळते आणि वर्षातले सहा महिने ही मुले भट्टीवर असतात, तिथे ओहोळ नसतो.

जवळच एक विद्यार्थिनी वहीत चित्र काढत होती. ती हळूच पुढे आली आणि तिने विचारले, “आजी, हे पुन्हा सांगाल का? मला लिहून घ्यायचंय.” आजी दचकल्या, माझ्याकडे पाहिले आणि मग पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. आपण बोलतो ते कोणी लिहून घेण्याजोगे आहे, हे त्या बाईला वयाच्या सत्तरीत पहिल्यांदा कळले. वडीलधाऱ्या बांधवांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले.

मूर्ती आणि मुखवट्यांबद्दल

आता भगिनीच्या शंकेविषयी. प्रेषितांच्या कृत्यांत सतराव्या अध्यायात पौल अथेनैत आला तेव्हाचा वृत्तांत आहे. नगर मूर्तींनी भरलेले पाहून त्याच्या मनाला क्लेश झाले. तरीही तो डोळे मिटून निघून गेला नाही. त्याने त्यांच्या पूजेच्या वस्तू नीट पाहिल्या, एका वेदीवर काय कोरले होते ते वाचले आणि त्यावरूनच लोकांशी बोलणे सुरू केले. पाहिल्यावाचून समजत नाही आणि समजल्यावाचून प्रीतीने बोलता येत नाही.

दुसरी गोष्ट, लोकांच्या चालीरीती लिहून ठेवण्याच्या कामात मिशनरी आधीपासून आहेत. विल्सन कॉलेजचे संस्थापक, स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी लोकांविषयीचा त्यांचा लेख १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काथोडी म्हणजेच कातकरी. त्यानंतर १९३४ साली ए. एन. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे स्वतंत्र पुस्तक निघाले. या दोन्ही लेखनांत त्या काळची दृष्टी आहे आणि काही शब्द आज आपल्याला खटकतील. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे लोक या डोंगरांत होते आणि खैरापासून काथ काढत होते, हे कोणीतरी छापून ठेवले. तसे कोणी लिहिले नसते तर आज आमच्याजवळ दाखवायला काय होते?

आजोबांची आठवण

संग्रहालयात कुडाच्या घराच्या चित्रापुढे दोन्ही आजोबा बराच वेळ उभे होते. कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचा लेप, गवताचे छप्पर. एक जण म्हणाले, “असंच व्हतं आपलं, वरच्या माळावर.” दुसरे म्हणाले, “तवा विहीर नव्हती. झरा व्हता.” मग दोघांत वाद सुरू झाला. वाडी वरच्या माळावरून खाली कधी आली? झऱ्यापाशी आंब्याची झाडे किती होती? मसणवटा ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे? बचत गटातली एक सून ऐकत होती. ती मला म्हणाली, “ताई, आम्हाला तर वाटायचं वाडी हितंच व्हती पहिल्यापासून.”

मी पंधरा वर्षे त्या वाडीत जात आहे. वरच्या माळावर वाडी होती हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. आमच्या बैठकीत आम्ही लोकांना नेहमी विचारतो, ‘तुमच्याकडे काय कागद आहेत?’ ते म्हणतात, ‘काही नाही.’ तिथेच विषय संपतो. त्या दिवशी कागद मागणारे कोणी नव्हते. समोर चित्र होते आणि आठवण आपोआप आली.

आठवण हा पुरावा कसा ठरतो

हा भाग सर्वांनी लक्षपूर्वक वाचावा ही विनंती, कारण आपल्या मंडळ्यांतले अनेक जण शिक्षक, कारकून, वकील आहेत आणि त्यांची मदत इथेच लागणार आहे.

२००६ साली संसदेने वनहक्क कायदा केला. आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत किंवा तिच्यावर राहत असेल तर त्याला त्या जमिनीचा हक्क मागता येतो. व्यक्तीचा वेगळा दावा करता येतो आणि गावाचा सामूहिक दावाही करता येतो. कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल जमातींच्या पूर्वापार वसतिस्थानाचा हक्कही कायद्याने मानला आहे. ग्रामसभा वनहक्क समिती नेमते, समिती जागेवर जाऊन पाहणी करते, ग्रामसभा ठराव करते. पुढे उपविभागीय आणि जिल्हा समिती निर्णय देतात.

या कायद्याच्या नियमांतला नियम १३ पुराव्यांविषयी आहे. त्यात सरकारी कागद आहेतच : गॅझेटिअर, जनगणना, नकाशे, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, घरपट्टीची पावती. पण यादी तिथे संपत नाही. घर, झोपडी, जमिनीवर केलेली कायमची सुधारणा हाही पुरावा आहे. जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या प्राचीन खुणा हा पुरावा आहे. मान्यवर संस्थांनी केलेला चालीरीतींचा अभ्यास पुरावा म्हणून चालतो. आणि दावेदाराखेरीज इतर वृद्ध माणसांचे लेखी घेतलेले निवेदन हाही पुरावा आहे. मात्र कोणताही एकच पुरावा पुरत नाही, एकापेक्षा अधिक लागतात.

म्हणजे आजोबांचा तो झऱ्याचा आणि मसणवट्याचा वाद नुसता गप्पांचा विषय राहत नाही. नीट लिहून घेतला, जागा दाखवली, समितीने पाहणी केली, तर तो कायद्याच्या भाषेत पुरावा होतो.

अडचण तारखेची येते. आजीला सन सांगता येत नाही. म्हणून आम्ही ठळक घटनांच्या आधाराने विचारतो. पानशेतचे धरण फुटले ते १२ जुलै १९६१ रोजी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. मोठा दुष्काळ १९७२ चा. आणि २६ जुलै २००५ चा महापूर आमच्या भागात लहान मुलांखेरीज सर्वांना आठवतो. ‘पुराच्या रात्री तुमचे घर कुठे होते? ओढ्याचे पाणी कुठवर आले होते? कोणाच्या घरात आसरा घेतलात?’ या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की २००५ च्या डिसेंबरपूर्वी ते कुटुंब तिथे होते हे आपोआप स्पष्ट होते. पुराची तारीख कायद्यातल्या तारखेच्या साडेचार महिने आधीची आहे. भूकंपाच्या पहाटे मडकी कशी पडली हे सांगताना एका आजोबांनी वरच्या माळावरच्या सात घरांची नावे ओळीने सांगितली. म्हणजे १९६७ साली वाडी वर होती.

जमातीच्या दाखल्याचीही अशीच अडचण आहे. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा विचारला जातो. ज्याचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्याच्याकडे त्या काळचा शाळेचा दाखला कुठून येणार? अशा वेळी कुळाची, नात्यागोत्याची, सणवारांची माहिती नीट नोंदलेली असली तर चौकशीला येणाऱ्यापुढे ठेवायला काहीतरी राहते.

वाडीखालची जमीन खासगी मालकाची असेल तर मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत गावठाण जाहीर करण्याची तरतूद आहे आणि ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. आमच्याच तालुक्यातल्या कशेळे येथील अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सशी संबंधित राजीव खेडकर आणि कॅनडाचे संशोधक डॅनियल बकल्स यांनी कातकरी वाड्यांच्या याच प्रश्नावर लोकांना बरोबर घेऊन अभ्यास केला. २०१३ साली त्यांचे पुस्तक इंग्रजीत आले. वाडीतल्या लोकांनी स्वतः नकाशे काढले, घरे मोजली, याद्या केल्या. ज्यांचा प्रश्न त्यांनीच माहिती गोळा करावी, ही पद्धत आम्ही त्यांच्याकडून शिकतो आहोत.

वस्तू कोणाच्या कामी येतात

संग्रहालयात वस्तू जपल्या जातात हे खरे, पण त्या परत लोकांच्या हाती यायला हव्यात. याची दोन उदाहरणे सांगते.

गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात तेजगढ येथे आदिवासी अकादमी आहे. मूळचे भोरचे असलेले डॉ. गणेश देवी यांनी ‘भाषा’ या संस्थेतर्फे ती उभी केली. तिथल्या संग्रहालयाचे नाव ‘वाचा’. आपली कोणती गोष्ट मांडायची आणि कशी सांगायची, यात तिथे आदिवासींचा स्वतःचा आवाज असतो.

दुसरे उदाहरण अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावचे. सह्याद्रीच्याच कुशीतल्या या गावात राहीबाई पोपेरे यांनी घरात देशी वाणांचे बियाणे जपले. त्या महादेव कोळी आहेत, शाळेत गेलेल्या नाहीत. मातीच्या मडक्यांत राख घालून त्या बियाणे ठेवतात. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बियाणे बँक पाहायला लोक दुरून येतात, पण ती पाहण्यापुरती नाही. शेतकऱ्याला बियाणे मिळते ते एका अटीवर : पीक आल्यावर दुप्पट परत करायचे. जपलेले बी पेरले गेले तरच टिकते.

आमच्या जिल्ह्याचेच पाहा. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. इंग्रज सरकारच्या जंगल कायद्याविरुद्ध लोक अक्कादेवीच्या डोंगरावर जमले, गोळीबार झाला आणि त्यात जे हुतात्मे झाले त्यांत नाग्या महादू कातकरी हे नाव आहे. पुण्याहून परत येताना मी त्या दोन मुलांना विचारले, नाग्या कातकरी कोण? त्यांना माहीत नव्हते. दोघेही दहावी पास आहेत. आपल्या जातीचे नाव शाळेत कोणी विचारले की ही मुले खाली पाहतात. त्याच नावाचा माणूस देशासाठी मेला हे त्यांना वेळेवर कोणी सांगितलेले नाही.

पत्र्याची पेटी

पुण्याहून आल्यावर वाडीत बैठक झाली. लोकांनीच ठरवले, की आपल्याकडेही एक पेटी हवी. संग्रहालय उभारायला जागा नाही, पैसा नाही. पण पत्र्याची एक पेटी घेता येते. ती आता अंगणवाडीच्या खोलीत आहे, किल्ली बचत गटाकडे.

पेटीत काय आहे? प्रत्येक घराचा एक लिफाफा : रेशनकार्ड, आधार, मतदार यादीतले पान, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले यांच्या प्रती. वृद्धांची निवेदने. मुलांनी काढलेला वाडीचा नकाशा, त्यात वरचा माळ, झरा, तीन आंबे, जुन्या घरांचे चौथरे आणि मसणवटा. आंब्यांपैकी एक उभा आहे, दोनांचे बुंधे आहेत. आजीने विणलेले मासे धरायचे एक साधनही पेटीवर टांगले आहे. ते वापरायचे आहे, म्हणून पावसाळ्यात ते पेटीवर नसते.

निवेदन घेताना आम्ही काही नियम पाळतो. सांगणाऱ्याला काहीही शिकवायचे नाही. त्याला आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असेच लिहायचे. दोघांच्या सांगण्यात फरक असेल तर दोन्ही लिहायचे. त्यांच्या बोलीत सांगितलेले शक्यतो तसेच ठेवायचे. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच अंगठा घ्यायचा. ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे ते त्याच माणसाच्या तोंडून पुन्हा यायला हवे. खोट्याने मिळालेली जमीन टिकत नाही, आणि सत्याखेरीज दुसऱ्या कशावर उभे राहण्याचा आम्हाला अधिकारही नाही.

प्रत्येक कागदाच्या दोन प्रती करतो. एक वाडीत, एक आमच्या कचेरीत. ही पद्धत आम्हाला यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायात सापडली. यरुशलेमेला वेढा पडलेला असताना यिर्मयाने अनाथोथ येथले शेत विकत घेतले. साक्षीदारांसमोर खरेदीखत केले आणि त्याच्या दोन प्रती, एक मोहोर केलेली आणि एक उघडी, बारूखाकडून मातीच्या पात्रात ठेवून घेतल्या, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात. देश हातचा जात असताना संदेष्ट्याने आशा कशी दाखवली? जमिनीचा कागद नीट जपून. देवाच्या लोकांचा विश्वास आणि दफ्तर सांभाळणे यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही.

आता काय व्हायचे आहे

वाडीचा दावा ग्रामसभेत ठरावासह मंजूर होऊन पुढे गेला आहे. उपविभागीय समितीची सुनावणी व्हायची आहे. निर्णय काय होईल हे मी सांगू शकत नाही. शेजारच्या दोन वाड्यांनी आपल्यालाही पेटी हवी असे कळवले आहे. तिथे अजून एकही निवेदन झालेले नाही, आणि दिवाळीनंतर लोक भट्टीवर जातील. म्हणजे आमच्या हातात पावसाळ्याचे आणि त्यानंतरचे थोडे दिवस आहेत.

पुण्याला आलेल्या दोन आजोबांपैकी एक जण, ज्यांनी सात घरांची नावे सांगितली ते, गेल्या फेब्रुवारीत वारले. त्यांचे निवेदन अडीच पानांचे आहे. समितीपुढे ते त्यांनी स्वतः उभे राहून ऐकले आणि शेवटी अंगठा दिला. ते राहिले असते तर आज त्या सात घरांची नावे सांगणारे कोणी नव्हते. त्यांच्या नातीने नकाशावर वरच्या माळाशी ती सातही नावे लिहिली आहेत.

आपल्याला विनंती अशी. निवृत्त शिक्षक आणि कारकून बंधुभगिनींनी ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत दोन-दोन दिवस आमच्याकडे यावे. सुवाच्य अक्षर आणि ऐकून घेण्याचा धीर, एवढे पुरे. राहण्याची साधी सोय होईल. वकील बांधवांनी निवेदनांचे मसुदे तपासून द्यावेत. ज्यांच्या घरी या भागातले जुने फोटो, मिशनच्या जुन्या डायऱ्या किंवा पत्रे असतील त्यांनी ती पाहून कळवावे. कोणाच्या तरी आजोबांच्या डायरीत आमच्या वाडीचे नाव असू शकते. तरुण संघांनी पुण्याला गेल्यास हे संग्रहालय पाहावे आणि शक्य असेल तर एखाद्या वाडीतल्या मुलांना बरोबर न्यावे.

प्रार्थनेसाठी विषय : सुनावणीचा दिवस लवकर मिळावा; वृद्धांना आरोग्य लाभावे; भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचे प्रवासात रक्षण व्हावे; मुलांची शाळा सुटू नये; आणि आम्हा कार्यकर्त्यांना ऐकण्याची बुद्धी मिळावी.

यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे केले, ते पुढे मुलांनी विचारावे आणि वडिलांनी सांगावे म्हणून. आमच्या वाडीतली मुले आता विचारू लागली आहेत. सांगणारे थोडे आहेत, त्यांचे वयही झाले आहे. या दोन महिन्यांत जितके लिहून घेता येईल तितके घ्यायचे आहे. आपण आलात तर दोन हात वाढतील.

प्रभूच्या सेवेत आपली,
भिवपुरी केंद्राची कार्यकर्ती